ज्या सिनेमात ऊस नाही

माळेगावच्या बाजूने वारा आला की आमच्या बाल्कनीत मळीचा वास येतो. दिवाळी होऊन साखर कारखान्याच्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडली की हा वास सुरू होतो, तो पार उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. बारामतीत नव्याने राहायला आलेली माणसं नाकाला रुमाल लावतात. मला त्या वासाने आधी भूक लागते आणि मग जिवाची उलघाल सुरू होते. मी उगाच घरभर फिरते. गॅसवर दूध ठेवून विसरते. फोन हातात घेते, ठेवते, पुन्हा घेते. कुणी विचारलं की काय शोधतेयस, तर सांगता येत नाही.

यंदाही तेच चाललंय. खालच्या रस्त्याने दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर गाणी लावून जातात, मागे उसाची वाढी, म्हणजे शेंड्यांचा हिरवा पाला, पडत राहतात, आणि नेमकं ह्याच आठवड्यात ऑफिसातल्या मैत्रिणींनी ठरवलं की शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे जमायचं. पिठलं-भाकरी मी करायची, आइस्क्रीम त्यांनी आणायचं आणि सगळ्यांनी मिळून एखादा निवांत सिनेमा बघायचा. तो मी निवडायचा. अवकाशयानांचे, परग्रहांचे, जादूच्या राज्यांचे सिनेमे मला तोंडपाठ आहेत अशी ऑफिसात माझी ख्याती आहे. ग्रुपवर लगेच फर्मान आलं, डोक्याला ताप नसलेलं काहीतरी सुचव.

ख्याती खरी आहे. पण डोक्याला ताप नसलेला सिनेमा शोधणं हे किती तापाचं काम आहे, ते मला विचारा. मी एक अख्खा गळीत हंगाम त्यात घालवलेला आहे.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला तात्यांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हृदयाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, आता औषधापेक्षा बसणं महत्त्वाचं. हंगाम उरकेपर्यंत रानात पाय ठेवायचा नाही, ओझं उचलायचं नाही, कसला घोर लावून घ्यायचा नाही. तात्यांनी मान डोलावली. आई माझ्याकडे बघत होती. आम्हा दोघींना ठाऊक होतं की ह्या माणसाला बाकी काहीही जमेल, बसणं जमायचं नाही. तात्या जेवतानासुद्धा पानावरून दोनदा उठून दारापर्यंत जाऊन यायचे. कुणाच्या लग्नात अक्षता पडल्या की हे मांडवाबाहेर, कुणाच्या तरी उसाशी उभे. आमचं निरवांगीचं घर रानातच आहे. पडवीतून उतरलं की चार पावलांवर उसाची पहिली सरी. म्हणजे आजाऱ्याला पथ्य सांगायचं आणि खाऊचा डबा उशाशी ठेवायचा, असा तो प्रकार होता.

घरी आणल्यावर आईने मला चुलीपाशी गाठलं. "काय बी कर मने, पन ह्यांना हितं बसव. मी सांगून सांगून दमले." ती रडत नव्हती. भाकरी थापत होती, पण भाकरीच्या कडा फाटत होत्या, आणि आईची भाकरी कधी फाटत नाही. मी एकुलती एक. ऑफिसला कळवलं, लॅपटॉप उचलला आणि हंगामभर निरवांगीला मुक्काम ठोकला.

बसवायचं कशासमोर, तर टीव्हीसमोर. बातम्या लावल्या की तात्यांचा आवाज चढायचा. क्रिकेटचं शेवटचं षटक आलं की मीच घाबरून बंद करायची. मालिका लावल्या तर प्रत्येकीत भावाभावांचं वाटणीवरून वाजलेलं, आणि आमच्या घरात तो विषय निघाला की तात्यांना बांधावरच्या गेल्या तीस वर्षांच्या सगळ्या भानगडी एका दमात आठवायच्या. एका दुपारी मी वैतागून ठरवलं, ह्या जगातलं काहीच दाखवायचं नाही. जिथे बांध नाहीत, भाऊबंद नाहीत, कारखाना नाही, पाण्याची पाळी नाही, असलं जग पाहिजे. ज्या सिनेमात ऊस नाही तोच लावायचा. म्हणून परग्रह आले, जादूगार आले. मला स्वतःला तोवर त्यातलं काही कळत नव्हतं.

आणखी एक बंदोबस्त करावा लागला, तो विहिरीचा. आमच्याकडे शेतीची लाइट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. त्यातही ती कधी येईल, कधी जाईल ह्याचा भरवसा नाही. म्हणून विहिरीवरच्या मोटरीला मोबाइल स्टार्टर बसवलेला आहे. त्या डब्यात सिमकार्ड असतं. लाइट आली की मोटर आपोआप चालू होते आणि डबा मालकाला फोन करतो. एक बाई अगदी गोड आवाजात सांगते, मोटर चालू झाली आहे. लाइट गेली तरी सांगते, पाणी आटलं तरी सांगते. आई तिला विहिरीतली बाई म्हणते. तात्यांच्या आयुष्यात सगळ्यात जास्त फोन तिचेच. आता हिने वेळी-अवेळी फोन केला की तात्या उठणार, चपला शोधणार. तेव्हा डॉक्टरांच्या समोरच ठरलं की हंगामापुरता डब्यातला नंबर बदलायचा. शेजारच्या रानातले माझे चुलत चुलते सोपानअण्णा पाण्याचं बघणार होते, त्यांनीच खटपट करून तात्यांचा नंबर काढला आणि माझा घातला. तात्यांनी खिशातला फोन काढून नुसता बघितला आणि परत ठेवला.

दिवेलागण झाली, जेवणं उरकली की आमचं चित्रपटगृह सुरू व्हायचं. तात्या पलंगावर उशांना टेकून, आई खाली लसूण सोलत किंवा भुईमुगाच्या शेंगा फोडत, मी रिमोट घेऊन दोघांच्या मध्ये. सिनेमे हिंदी केलेले. पहिल्याच रात्री तात्यांनी विचारलं की हे लोक एवढ्या लांबच्या ताऱ्यावर राहतात आणि हिंदी कुठं शिकले. मी म्हटलं, शाळेत. त्यांनी ते मान्य केलं.

समुद्राच्या तळाशी वसलेल्या शहराचा एक सिनेमा होता. काचेचे मनोरे, माशांसारखी माणसं, निळा उजेड. मला वाटलं, ह्यापेक्षा शांत काय असणार. मी स्वतः सैल होऊन बसले होते. अर्ध्या तासाने तात्या अवघडून सरळ झाले. त्यांना निचऱ्याची काळजी लागली होती. एवढं पाणी साठून राहिल्यावर जमीन खारवट होणार, पांढरी पडणार, मग हे लोक पेरणार कशात? कालव्याकाठच्या चांगल्या चांगल्या रानांची काय गत झाली ते त्यांनी नावं घेऊन सांगितलं. राणीचा राज्याभिषेक त्या गडबडीत होऊन गेला.

दुसऱ्या एका सिनेमात वाळूच्या ग्रहावर दोन टोळ्यांचं युद्ध होतं. मी बाकी सगळं तपासून घेतलं होतं, पण ते युद्ध पाण्यावरून आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. वरच्या टोळीने कालवा अडवला. तात्यांनी पाय खाली सोडले. आई माझ्याकडे असं बघायला लागली की मी मुकाट्याने बंद केला. तेव्हा मला कळायला लागलं की माणूस कितीही लांबच्या ग्रहावर गेला तरी पोट बरोबर घेऊन जातो. पोट आलं की पीक आलं, पीक आलं की पाणी आलं. लेखकांनी आकाशगंगा ओलांडल्या, पण तात्यांना त्यांनी कुठेच उसाबाहेर काढलं नाही.

एकदा घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईचा सिनेमा लावला. तिच्याकडे एक किल्ली असते, ती जितक्यांदा फिरवावी तितके ऋतू मागे जाता येतं. तो तात्यांनी गप्प राहून बघितला. संपल्यावर मी सहज विचारलं की तुम्हाला किल्ली मिळाली तर कुठल्या साली जाल. वाटलं होतं, भाव चांगला मिळाला तेव्हाचं एखादं साल सांगतील. ते म्हणाले, तुला बारामतीच्या होस्टेलवर सोडून परत आलो त्या दिवशी. त्या दिवशी घरात बसवेना म्हणून ते रानभर फिरले, अंधार पडला तरी फिरत राहिले, आणि तेव्हापासून ही फिरायची खोड लागली. आई लसणाची पाकळी टाकून म्हणाली की खोड लग्नाच्या आधीपासूनची आहे, पोरीवर ढकलू नका. आम्ही तिघंही हसलो. पण अंथरुणावर पडल्यावर मला ते बोलणं सोडेना. मी कूस बदलत राहिले.

एवढं सगळं करून ते बसत होते का? बसत नव्हते. देहाने पलंगावर असायचे. विहिरीतली बाई मला फोन करायची, मी बाहेर पडवीत जाऊन हळू आवाजात अण्णांना कळवायची आणि परत येऊन काही झालंच नाही असा चेहरा करायची. तात्यांना घोर नको म्हणून आम्ही सगळं असं हळू बोलत होतो. आणि तात्या दिवसभर आमच्या चेहऱ्यांकडे बघत होते. दुपारी पडवीच्या खांबाला धरून उभे राहायचे आणि मोटरीचा आवाज येतो का ते कान देऊन ऐकायचे. उसाला तुरे आले होते, तोडीची टोळी आज येईल, उद्या येईल असं चाललं होतं, आणि टोळीचं नाव कुणी काढलं की मी विषय बदलायची.

मग ड्रॅगनची संध्याकाळ आली. सिनेमा लहान मुलांचा होता. गुबगुबीत राजपुत्र, बोलणारी खार, म्हणून मी निर्धास्त होते. मध्येच डोंगरामागून तो ड्रॅगन आला आणि त्याने पिकलेल्या पिवळ्या शेतावर आग ओकली. वाऱ्याने जाळ ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला. आमच्या भागात उभ्या उसाला लागलेला जाळ एकदा ज्याने बघितला त्याला तो चित्रातला म्हणून बघता येत नाही. तात्या उठून उभे राहिले. म्हणाले, "वास येतोय." मी म्हटलं, तात्या, सिनेमा आहे. त्यांनी ऐकलं नाही. आणि खरंच, दार उघडल्यावर मलाही धुराचा वास आला.

ते अनवाणी उतरले आणि सरीच्या कडेकडेने चालायला लागले. चालत नव्हते, पळत होते. मी मागून हाका मारत होते. वरच्या अंगाला आभाळ तांबूस दिसत होतं. त्या क्षणी मला ऊस जळतोय की नाही ह्याचं काही पडलं नव्हतं. मला फक्त त्यांच्या सदऱ्याची पाठ दिसत होती, आणि ती थांबू नये असंही वाटत होतं आणि थांबावी असंही वाटत होतं.

बांधावर पोचलो तर अण्णांनी त्यांच्या तोडून मोकळ्या झालेल्या रानातलं वाळलेलं पाचट पेटवलं होतं. जाळ पसरू नये म्हणून चारी बाजूंनी मोकळा पट्टा मारून, रीतसर. जाळ बसत आला होता. अण्णा लांबूनच हात हलवत होते. तात्या मटकन बांधावर बसले. कपाळावर घाम होता. मी त्यांचं मनगट धरलं. नाडी हाताला लागत होती, पण ती बरोबर आहे का चूक, हे मला कुठे कळत होतं? मी नुसती धरून बसले. दम बसल्यावर ते बोलले, अगदी साध्या आवाजात, जसं मोटरीच्या फिटरला दुखणं समजावून सांगावं तसे.

"मने, पाचट पेटवनार हाय हे तुला ठावं हुतं?"

मी हो म्हटलं. अण्णांनी दुपारी सांगितलं होतं.

"मंग मला का न्हाय सांगितलं? ठावं असलं की मी बसतो. ठावं नसलं की बसवत न्हाय. तुमी समदी गप ऱ्हाता, मंग मला सगळीकडं आगच दिसती."

घरी येईपर्यंत ते माझ्या खांद्यावर हात ठेवून चालले. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी दुसऱ्या दिवशी बोलावून तपासलं, सगळं ठीक निघालं. आईने ड्रॅगनला घरात बंदी केली. मी एक बंदी उठवली. त्या दिवसापासून विहिरीतल्या बाईचा फोन आला की मी तो स्पीकरवर लावायला लागले. अण्णांशी बोलायचं ते खोलीतच, मोठ्याने. टोळी कुणाच्या रानात पोचली, तोड कधी लागेल, कुठल्या सऱ्या भिजल्या, कुठल्या राहिल्या, सगळं. सिनेमा मध्येच थांबवायचा, बोलणं झालं की पुन्हा लावायचा. सुरुवातीला मला पाण्यातलं फारसं कळत नव्हतं. तात्या पलंगावरून बोटाने खुणा करायचे आणि मी त्या फोनवर शब्दांत सांगायची. अण्णा पलीकडून हसायचे.

मग तो सिनेमा सापडला. नाव सांगून उपयोग नाही, मलाही मोठ्या मुश्किलीने सापडला होता. डोंगराएवढा एक प्राणी असतो. त्याच्या पाठीवर एक गाव वसलेलं असतं. तो चालत राहतो, आणि गाव त्याच्या पाठीवर आपलं धुणं वाळत घालतं, शेळ्या राखतं, लग्नं लावतं. दुष्ट माणूस नाही, लढाई नाही. प्राणी कुठे निघालाय ते शेवटपर्यंत कुणी विचारत नाही. तो श्वास घेतो तेव्हा सगळी घरं किंचित वर होतात आणि खाली येतात. तात्यांनी एवढंच विचारलं की तो खातो काय. पडद्यावर तो वाकून रानातला पाला ओढायला लागला, आणि त्याचा चघळण्याचा आवाज आमच्या जुन्या बैलांच्या रवंथासारखा होता. तात्या उशीला टेकले.

मध्येच विहिरीतली बाई बोलली, मोटर चालू झाली आहे. मी सिनेमा थांबवला नाही, नुसता आवाज कमी केला. अण्णांना फोन लावला तर ते विचारत होते की पाणी खालच्या पट्ट्याला लावू का. टोळी जवळ आली होती आणि खालचा ऊस आधी जाणार होता, तोडीआधी त्याला पाणी देऊन चालणार नव्हतं; वरचा खोडवा, म्हणजे तुटलेल्या खोडांतून पुन्हा फुटलेला ऊस, अजून उभा राहणार होता. मी म्हटलं, "खाली नको अण्णा, तिथं आता चार दिवसांत तोड लागंल. वरच्या खोडव्याला लावा, आणि कडेच्या दोन सऱ्या राहिल्यात त्या आधी भिजवा." हे सगळं बोलून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी पलंगाकडे बघितलंच नव्हतं. बोटाची खूण मागितलीच नव्हती. माझं चुकलं की काय म्हणून मी वळून बघितलं.

तात्या झोपले होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना संध्याकाळचं झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. तोंड थोडं उघडं, एक हात पलंगाबाहेर लोंबत. आईने आणि मी एकमेकींकडे बघितलं आणि दोघींच्याही मनात एकच आलं. आई शेंगा बाजूला सारून उठली, तिने पदराचं टोक त्यांच्या नाकासमोर धरलं. पदर हलला. पुन्हा हलला. आई तिथेच पलंगाच्या कडेला बसली आणि मग मात्र रडली. मी टीव्हीवरचा तो प्राणी बघत राहिले. मला आनंद झाला होता, आणि तरीही बसवत नव्हतं. मी उठून पडवीत गेले, मोटरीचा आवाज ऐकला, परत आले, पुन्हा गेले.

हंगाम संपला. खालचा ऊस गेला, वरचा राहिला तो शेवटच्या फेरीत गेला. उन्हं तापायला लागली तेव्हा डॉक्टरांनी तात्यांना रानात जायला मोकळं केलं. आता ते रोज सकाळी रानातून चक्कर मारून येतात, सावकाश, आणि दिवेलागणीला पलंगावर हजर असतात. कुठला सिनेमा लागलाय ते आई मला फोनवर सांगते. ड्रॅगनची बंदी त्यांनी आपल्या अधिकारात उठवली आहे.

शनिवारी मैत्रिणी आल्या. पिठलं झकास झालं होतं. मी तोच सिनेमा लावला, कारण मनापासून सुचवावा असा माझ्याकडे तो एकच आहे. दिवे मालवले. प्राण्याने पहिला श्वास घेतला, घरं वर झाली, खाली आली. कुणीतरी उशी ओढून घेतली, कुणी माझ्या मांडीवर डोकं टाकलं. तेवढ्यात माझा फोन वाजला आणि ती गोड आवाजाची बाई बोलली. मी मांडीवरचं डोकं उचलून उशीवर ठेवलं आणि उठले. मैत्रीण अंधारातून म्हणाली की बस ना जरा निवांत, कुणाचा फोन आहे एवढा. मी म्हटलं, विहिरीचा. त्या हसल्या. मी बाल्कनीत येऊन अण्णांना फोन लावला. मळीचा वास येत होता.

डॉक्टरांनी मोकळं केलं त्या दिवशी गाडीत मी तात्यांना म्हटलं होतं की उद्या अण्णांना सांगते, डब्यात परत तुमचा नंबर घालायला. ते खिडकीतून पळणारी रानं बघत होते. हा ऊस पुढे कुणी बघायचा, हे आमच्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं. मुलगी एकटीच म्हटल्यावर रान पुढे आपणच बघायचं, असं भावकीने परस्पर गृहीत धरलेलं होतं. तात्यांनी मान वळवली नाही.

"ऱ्हाऊ दे तुझाच," ते म्हणाले. "मला सिनेमा बघायचाय."